दोनशे चाळिसावी टिकली

"बटाटे संपल्यात," मी म्हणाले.

"व्हय?"

"आन घरमालक आलता. कौलं बघून देतो म्हणालाय."

"बरं. तुझं डोकं थांबलं का दुखायचं?"

"तुमास्नी काय ठाऊक? मी गेले तवा घोरत हुता की."

"कपाखाली गोळीचा कागद घावला."

मी लाजले. लग्नाला आठ महिने झाले होते आणि नवरा गोळीच्या कागदावरून बायकोची खुशाली ओळखत होता. आणखी काही बोलणार तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "तीन चौतीस."

तो आवाज भोईटेतात्यांचा. तात्या आमच्या कारखान्याचे टाइमकीपर. फाटकाला लागून त्यांची खिडकी, खिडकीशेजारी पंचिंगचं घड्याळ आणि कार्डांची फळी. माझी पहिली पाळी सकाळी सातला सुरू होऊन साडेतीनला सुटायची. यांची दुसरी साडेतीनला भरायची ती रात्री बारापर्यंत. उशिरा येणाऱ्याला पाच मिनिटांची सवलत होती. त्या पाच मिनिटांत आम्ही फाटकात उभ्या उभ्या संसार करायचो. तीन छत्तीस झाले की तात्यांच्या हातात लाल पेन यायचं आणि अर्धा दिवस कापला जायचा.

"निघा आता, न्हाईतर खाडा लावत्याल," मी म्हणायची, आणि हे हसत हसत आत पळायचे.

गोष्ट पस्तीस वर्षांपूर्वीची, सातारच्या एमआयडीसीतली. मंजुळ मेटल वर्क्स हे आमच्या कारखान्याचं नाव. आम्ही सायकलच्या घंट्या बनवायचो. मी पॅकिंगला होते आणि हे, म्हणजे उत्तमराव घोरपडे, टेस्टिंगला. तयार झालेली घंटी हातात घ्यायची, अंगठ्यानं दोनदा वाजवायची, नाद चांगला असेल तर उजवीकडे, मुकी असेल तर डावीकडे. एका पाळीत चौदाशे घंट्या. त्यांच्या उजव्या अंगठ्याला असा घट्टा पडला होता की सुईही टोचायची नाही. घंट्यांवर आख्खी गाणी वाजवून त्यांनी मला पटवलं. मी काही फार आढेवेढे घेतले नाहीत.

आमच्यात भांडण एकच होतं, कार्डाचं. माझं कार्ड पांढरं आणि त्यांचं पिवळं.

पांढरं म्हणजे कायम. माझे वडील प्लेटिंगला होते, नोकरीत असतानाच वारले, म्हणून त्यांच्या जागी मला अठराव्या वर्षी थेट कायम घेतलं होतं. पिवळं म्हणजे तात्पुरता. काम तेच, घंटी तीच, पण पांढऱ्याला चाळीस पैशात जेवण आणि पिवळ्याला दीड रुपयात. पगारातही जवळजवळ निम्म्याचा फरक. पांढऱ्याला सणाची पगारी सुट्टी, पिवळ्याला सणाला नुसती सुट्टी. हे सगळं मी सोसलं असतं, पण पाळीचं मला सोसवत नव्हतं. दुसरी पाळी कुणालाच नको असायची, कारण तिच्यात संध्याकाळ हाती लागत नाही. म्हणून ती कायमची पिवळ्यांच्या गळ्यात. यांची साप्ताहिक सुट्टीही कधी सोमवारी, कधी शनिवारी, बोर्डावर लागेल त्या दिवशी. माझी बाराही महिने गुरुवारी. रात्री एकला हे घरी यायचे तेव्हा मी झोपलेली, पहाटे साडेचारला मी नळाला उठायची तेव्हा हे झोपलेले. लग्न आठ महिन्यांचं, पण हजेरी धरली तर जेमतेम पंचवीस दिवसांचं!

पॅकिंगच्या बायका मला छळायच्या. "शालन, तुझ्या मालकांची हळद अजून उतरना गं. कार्ड बघ की, पिवळंच हाय."

पिवळ्याचं पांढरं व्हायची एक वाट होती. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की कायम करावं लागायचं. त्यामुळं ते भरूच द्यायचे नाहीत, ही दुसरी वाट सगळ्याच कारखान्यांनी काढली होती. त्याला ब्रेक म्हणायचे. दोन जानेवारीला पिवळं कार्ड द्यायचं, दिवस भरत आले की ब्रेकची चिठ्ठी हातात ठेवायची, नवीन वर्ष लागेपर्यंत माणूस घरी बसवायचा, आणि दोन जानेवारीला नवं पिवळं कार्ड. यांची ही तिसरी फेरी होती.

शेजारच्या कारखान्यात दोनशेविसाव्या दिवशीच ब्रेक द्यायचे, उगाच जोखीम नको म्हणून. आमचे पर्सनल ऑफिसर पेंडसेसाहेब मात्र मोठे हिशेबी. ते दोनशे एकोणचाळीस दिवस भरून घ्यायचे, एकही कमी नाही. "आमच्याकडे दिवस वाया जात नाही," असं ते अभिमानानं सांगायचे. ऊस चरकातून चार वेळा काढल्यावर चिपाडाला जी कळा येते ती घेऊन आमचे पिवळे घरी जायचे.

या सगळ्याचा राग मी तात्यांवर काढायची. दिवस मोजणारे तेच, चिठ्ठ्या वाटणारेही तेच. चेहरा असा की सणासुदीलाही हसू नाही. बरं, माणूस तब्येतीनं कच्चा. दरवर्षी दसरा झाला की त्यांना दमा उठायचा आणि ते वाईजवळच्या त्यांच्या गावी जाऊन राहायचे, ते थेट जानेवारीत परत. तेवढे दिवस खिडकीत स्टोअरचा कारकून बसायचा. आदल्या वर्षी मला त्यांची दया आली आणि मी अडुळशाचा काढा करून बाटली नेऊन दिली.

"हे काय?" त्यांनी विचारलं होतं.

"दम्यासाठी."

ते बाटलीकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "हां, हां. दमा." आणि बाटली खणात ठेवून खिडकी लावून घेतली. आभार वगैरे काही नाही. मी ठरवलं, पुन्हा या माणसाला पाणीसुद्धा विचारायचं नाही.

दिवस मीही मोजत होते. दोन जानेवारीपासून यांच्या प्रत्येक हजेरीला, लग्नाआधीच्याही धरून, आमच्या खोलीच्या दाराला आतून एक टिकली लावायची. लाल, मरून, हिरवी, हाताला येईल ती. नवरात्र बसलं तेव्हा दार असं भरलं होतं की घरमालकाला वाटलं मी नवस बोलले आहे. बोलले तर होतेच.

त्या वर्षी खंडेनवमी मंगळवारी आली होती. आदल्या शनिवारी पाळी सुटल्यावर मी तात्यांच्या खिडकीपाशी गेले.

"तात्या, आमच्या मालकांचे किती झाले?"

वही न उघडता ते म्हणाले, "सोमवार धरून दोनशे एकोणचाळीस. ते धरून अकरा जण आहेत, सगळ्यांचे सारखेच. मंगळवारी नवमी, कारखाना बंद. बुधवारी दसरा. गुरुवारी या खेपेला पिवळ्यांनाही सुट्टी. शुक्रवारी चिठ्ठ्या."

"एक दिवस, तात्या. एकच. कुठंतरी एखादी सही इकडची तिकडं झाली तर कुणाला कळतंय?"

"दिवस काय माझ्या खिशात आहेत? जे झालं ते लिहायचं. नियम म्हणजे नियम."

माझे डोळे भरून आले. तात्यांनी ते पाहिलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली आणि पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. मग म्हणाले, "नवमीला मालकांना सफाईला पाठव. आठला आत. कार्ड पंच करायला सांग, तरच पेढ्याचा बॉक्स मिळेल. नोटीस लागलीय."

मग मात्र माझं टाळकं फिरलं. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा व्हायची. आम्ही पांढऱ्यांनी दुपारी नटूनथटून यायचं, हात जोडायचे, प्रसाद घ्यायचा. त्याआधी यंत्रं धुणंपुसणं, झेंडूची तोरणं, रांगोळ्या हे सगळं पिवळ्यांनी करायचं, तेही फुकट, देवाचं काम म्हणून. मोबदला म्हणजे पाव किलो पेढे. आदल्या वर्षी तीन बॉक्स कमी पडले होते, कुणीतरी दोनदोनदा घेतले म्हणे. तेव्हा यंदा पंच करेल त्यालाच बॉक्स, अशी युक्ती तात्यांनी काढली होती आणि पेंडसेसाहेब एवढे खूश झाले होते की त्यांनी नोटिशीवर लगेच सही ठोकली.

"वर्षभर पिळून घ्यायचं, शुक्रवारी चिठ्ठी द्यायची, आन मंगळवारी वर फुकट भांडी घासून घ्यायची? पेढा खायाला घाला तुमच्या पेंडसेसाहेबांना! माझा नवरा येणार न्हाई."

"येऊ दे त्याला," तात्या म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा हळू होता, पण मी तेव्हा आवाज ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते.

घरी ठरलं ते असं, की नवमीला दोघांनी औंधला यमाईच्या दर्शनाला जायचं. दोघांची सुट्टी एका दिवशी! मी नवी पोपटी साडी काढून ठेवली. सोमवारी रात्री हे आल्यावर झोपेतच बजावलं, "उद्या कारखान्याचं नाव काढायचं न्हाई." ते "न्हाई न्हाई" म्हणाले.

सकाळी जाग आली तर आठ वाजून गेलेले आणि अंथरूण रिकामं. टिकल्यांच्या पाकिटावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, "प्रेस धुवून येतो. बिचारी लई मळली हाय. औंधला दुपारी."

प्रेस बिचारी! मी पोपटी साडी नेसले, केसात शेवंती माळली आणि असल्या थाटात पाय आपटत एमआयडीसीकडे निघाले की वाटेतली कुत्री बाजूला झाली.

फाटकात तात्या. नवमीचा म्हणून स्वच्छ पांढरा सदरा.

"आमच्या मालकांना बाहेर बोलवा."

"साडेचारपर्यंत कुणी बाहेर नाही."

"फुकटचं काम आन वर कैद बी?"

तात्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग लाल पेनानं खिडकीशेजारच्या नोटिशीवर टकटक केलं. "वाच. मोठ्यानं नको."

मी वाचलं. 'खंडेनवमीनिमित्त सफाईच्या कामावर हजर राहणाऱ्या तात्पुरत्या कामगारांनी सकाळी ८ ते ४.३० या वेळेत येता-जाता कार्ड पंच करावे. पंच न केल्यास पेढ्यांचा बॉक्स मिळणार नाही.' खाली पेंडसेसाहेबांची वळणदार सही.

"वाचलं. मग?"

"परत वाच. पेढे सोडून वाच."

मी पेढे सोडून वाचलं. सफाईच्या कामावर. हजर. आठ ते साडेचार. कार्ड. सही.

माझ्या छातीत कुणीतरी शंभर घंट्या एकदम वाजवल्या. दोनशे एकोणचाळीस अधिक एक! तो दिवस त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून, सही करून, पाव किलो पेढे वाचवण्यासाठी देऊन टाकला होता. मी तोंड उघडलं.

"तोंड," तात्या म्हणाले.

मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, हसण्याचं की रडण्याचं मलाच कळेना. "तात्या, म्हंजी तुम्ही मुद्दाम..."

"मी पेढ्यांची व्यवस्था केली," तात्या कोरडेपणानं म्हणाले. "साडेचारच्या आत एक जरी बाहेर पडला तर अर्धा दिवस. अर्धा दिवस म्हणजे काही नाही. आणि आत कुणाला बोलू नकोस. अकरा जणांच्या पोटात गोष्ट राहत नाही."

मी आत गेले. हे बनियनवर बसून रॉकेलच्या बोळ्यानं प्रेस पुसत होते. मला बघून उभेच राहिले, हातातला बोळा खाली पडला.

"शालन, औंधला दुपारी जाऊया म्हनलं मी, फकस्त एवढी..."

"सावकाश पुसा," मी गोड आवाजात म्हणाले. "घाई करू नका. त्या कोपऱ्यात बी पुसा."

"रागावली न्हाईस?"

"आजाबात न्हाई."

ते जास्तच घाबरले. यांना सांगायची सोय नव्हती, आनंद झाला की यांचे कान लाल होतात आणि पेंडसेसाहेबांना डोळे होते. मी पदर खोचला आणि अकरा जणांवर मुकादम होऊन बसले. ही रांगोळी वाकडी, परत काढा. हे तोरण आखूड, परत ओवा. एक वाजला तशी यंत्रं एवढी चकाकायला लागली की त्यांच्यात बघून मी कुंकू नीट केलं.

भटजींचा पत्ता नव्हता. नवमीला आख्ख्या एमआयडीसीला चार भटजी, ते स्कूटरवरून कारखान्या-कारखान्यांत पळत असायचे. आमचे आले सव्वादोनला. आल्या आल्या मंत्र असे सोडले की अर्ध्या तासात प्रेस, लेथ, प्लेटिंगचे हौद, सगळ्यांची पूजा उरकली. तीनला पाच कमी असताना आरती झाली आणि पेंडसेसाहेब हात चोळत पुढे आले. शुक्रवारच्या चिठ्ठ्या टाइप होऊन तयार असल्यामुळं त्यांना आज सगळ्यांवर माया दाटून आली होती.

"चला रे, पोरांनो! बॉक्स घ्या, पंच करा आणि पळा घरी. दसऱ्याची तयारी करा. उगाच कशाला थांबायचं?"

पोरं "हो!" करून उठलीच. सगळ्यांत पुढे आमचे उत्तमराव, औंधची गाडी गाठायची म्हणून.

मी तात्यांकडे पाहिलं. तात्या घड्याळाकडे बघत होते. त्यांना काही बोलता येण्यासारखं नव्हतं, बोलले असते तर संशय आला असता. कपाळावर घाम मात्र चमकत होता. भटजी बाहेर स्कूटरला किक मारत होते. आणि देवीनंच सुचवलं म्हणा, मी जोरात ओरडले, "साहेब, राहुकाळ!"

पेंडसेसाहेबांचा हात पेढ्यांच्या बॉक्सवर थिजला. त्यांनी चार वर्षांपूर्वी नवी स्कूटर घेतली तेव्हा अमावस्या लागली म्हणून ती दोन दिवस दुकानातच ठेवली होती, हे कारखान्यात कुणाला माहीत नव्हतं?

"राहुकाळ? आत्ता?"

"आज मंगळवार न्हवं का? भटजींना विचारा की."

भटजींनी किक मारायचं थांबवून बोटं मोजली. "मंगळवार... तीन ते साडेचार. आहे खरा."

"मग प्रसाद वाटायचा की नाही?"

"वाटू नये असं काही नाही," भटजी म्हणाले, आणि माझा जीव गेला, "पण कुणी शुभ गोष्ट करत नाही एवढं खरं." एवढं बोलून ते पुढच्या कारखान्याकडे उडाले.

पेंडसेसाहेबांनी बॉक्स खाली ठेवला. "साडेचारपर्यंत थांबू. दीड तासानं काय होतंय!" ते खुर्ची ओढून आमच्यात बसले. स्वतः, साक्षीला!

तो दीड तास मी जन्मात विसरणार नाही. साहेब खुशीत होते, म्हणाले, "घोरपडे, ते घंट्यांवरचं काहीतरी वाजवा." यांनी अकरा घंट्या निवडल्या, प्रत्येकाच्या हातात एक दिली, आणि बोट दाखवतील त्यानं वाजवायचं असं सांगून देवीची आरती सुरू केली. पहिल्यांदा गोंधळ झाला, प्लेटिंगचा एक जण भलत्याच जागी वाजवायचा. तिसऱ्या फेरीला आरती अशी जमली की दुपारी नटून आलेल्या पांढऱ्या कार्डवाल्या बायकांनी फेर धरला. पेंडसेसाहेब बारावी घंटी घेऊन मध्येच ठण् करायचे. मी नाचले, हसले, शेवंती कुठं पडली ते कळलं नाही. आणि दर दोन मिनिटांनी घड्याळाकडे बघत होते.

साडेचार. फळीपाशी रांग लागली. ठक्. ठक्. पंचाचा प्रत्येक आवाज मी मोजला. आमच्या ह्यांचा सहावा. दहा. अकरा. मी श्वास सोडला आणि फाटकाबाहेर निघाले, तेवढ्यात मागून बारावा ठक् ऐकू आला. कुणा धांदरटानं दोनदा पंच केलं असेल म्हणून मी सोडून दिलं.

वाटेत सायकलच्या दांडीवर बसून यांना सगळं सांगितलं, आणि आम्ही दोघं सायकलसकट गटारात गेलो. पोपटी साडीचं वाटोळं झालं. हे चिखलात बसूनच विचारत होते, "म्हंजी दोनशे चाळीस? म्हंजी पहिली पाळी? म्हंजी गुरुवारी सुट्टी?" कान टोमॅटोसारखे लाल. घरी गेल्यावर मी हळदीकुंकवाच्या डबीतली सगळ्यांत मोठी टिकली काढली, आणि ती त्यांनीच दाराला लावली. औंधची यमाई दोन आठवडे थांबली. तिला कारण सांगितल्यावर ती रागावली नसेल.

दसरा आणि गुरुवार मी तोंडाला कुलूप लावून काढला. शुक्रवारी चिठ्ठ्या हातात पडल्या तशी मी अकरा जणांना घेऊन पेंडसेसाहेबांच्या केबिनमध्ये शिरले. युनियनचे सेक्रेटरी माझ्यामागं उभे होते, पण त्यांना बोलायला जागाच मिळाली नाही.

"साहेब, ह्यात दोनशे एकोणचाळीस लिहिलंय. हे चुकीचं हाय."

साहेब हसले. "मी आणि चूक? भोईटे, कार्डं आणा."

तात्यांनी कार्डांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. साहेबांनी पहिलं उचललं, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं, आणि बोट तिथंच राहिलं.

"ही नवमी आहे. ती पूजा होती. पूजा म्हणजे काम नव्हे."

"पूजा अर्धा तास झाली," मी म्हणाले. "बाकीचे आठ तास काय केलं ते तुमीच लिवलंय," आणि पदराखालून नोटीस काढली. "सफाईचं काम. सही बघा, तुमचीच हाय का."

साहेब सहीकडे बघत राहिले. मग त्यांनी कारखान्याच्या मालकांना फोन लावला. मालक म्हातारे, पुण्याला असायचे. साहेब हळू आवाजात सांगत होते, पण पलीकडचं हसू फोनमधून सगळ्या केबिनभर पसरलं. "पेंडसे, पेढे फारच महाग पडले की हो! कोर्टात जाऊन ती नोटीस वाचून दाखवायची आहे का तुम्हाला? करा कायम."

फोन ठेवून साहेबांनी घाम पुसला. "ठीक आहे. अकरा जण..."

"बारा, साहेब," तात्या म्हणाले.

आम्ही सगळे त्यांच्याकडे वळलो. तात्यांनी गठ्ठ्यातलं तळाचं कार्ड काढून वर ठेवलं. पिवळंच. वर नाव होतं, शिवराम गणपत भोईटे, टाइमकीपर, तात्पुरता.

साहेबांनी कुणाकडेच बघितलं नाही. "भोईटे, तुम्हीसुद्धा?"

"आठला आत, साडेचारला बाहेर," तात्या म्हणाले. "पेढ्यांचा बॉक्स मीही घेतलाय. नववं वर्ष आहे, साहेब." आणि खिशातून त्यांनी स्वतःच्या ब्रेकची चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली.

माझ्या डोळ्यांपुढे ती काढ्याची बाटली आली, तिच्याकडे बघत राहिलेले तात्या आले, आणि मला एवढी लाज वाटली की जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. नऊ वर्षं हा माणूस दसऱ्याला गावी जात होता आणि आम्ही आपल्या घरी बसून त्याच्या छातीची काळजी करत होतो.

बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलं. "तात्या, मला माफ करा. मी काय काय बोलले तुमास्नी."

"बोललीस ते बरोबरच होतं."

"पण सांगायचं तरी एकदा."

"काय सांगायचं, पोरी? लोकांना चिठ्ठ्या देणाऱ्यालाच चिठ्ठी मिळते म्हणून? मग माझ्या लाल पेनाला कोण भ्यालं असतं?" आणि ते हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघत होते, पुढचा एक दात पडलेला होता. "काढा मात्र चांगला होता. सर्दीला."

मी तिथंच त्यांच्या पाया पडले. तात्यांनी घड्याळाकडे बघून सांगितलं, "तीन चौतीस," आणि खिडकीत जाऊन बसले.

नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी यांना पहिली पाळी लागली. पहिल्या पाळीला कारखान्याची बस असायची, तिच्यात आम्ही पहिल्यांदा शेजारी शेजारी बसलो. मी एवढं बोलायचं ठरवलं होतं, आणि हे बस हलताच माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरायला लागले. सगळी बस हसत होती. मीही हसत होते, पण खांदा मात्र हलू दिला नाही. संध्याकाळी उजेडात एका ताटात जेवलो तेव्हा कळलं की यांना दोडकं आवडत नाही. आठ महिने मी डब्यात दोडकं पाठवत होते!

त्या वर्षी साताऱ्यात थंडी कडाक्याची पडली. सकाळी सातला फाटकातून आत जाताना तोंडातून वाफा निघायच्या. खिडकीत मफलर गुंडाळून तात्या बसलेले असायचे. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. त्यांना दमा उठला नाही, आणि नंतरही कधी उठला नाही.